ली की ला

मंगळवार, २४ एप्रिल १९५६

सोपानराव मास्तर पुन्हा आले. आठवड्यात तिसऱ्यांदा! रोजे चालू आहेत, घरात चहा विचारायची सोय नाही, तरी दीड तास हलले नाहीत. एकच धोशा — गुरुवारी माणच्या कुस्त्यांच्या फडात माईक तुमच्या हातात आहे, दोन वाक्यं बोला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राबद्दल. फक्त दोन!

मी म्हटलं, मास्तर, मी कुस्त्या पुकारतो. कोण आला, कोणाचा पठ्ठा, कोणता डाव टाकला, कोण पडला. बास. आणि एरवी मी डेपोत स्टोअरकीपर. सरकारी नोकर! गेल्या महिन्यात आमच्याच सेक्शनच्या एकाला काढला, खिशात समितीचं पत्रक सापडलं म्हणून. आठ दिवसांत क्वार्टर खाली. बायको-पोरं स्टेशनाबाहेर ट्रंकांवर बसलेली मी स्वतः बघितली.

"पाच हजार माणसं तुम्हाला ऐकतात शफीभाई. एवढे कान मला शाळेत जन्मभर मिळायचे नाहीत. आणि तुम्ही त्यांना सांगणार काय? तर एकलंगी लागली!"

झोंबलं मला. एकलंगी लागली हे सांगणं म्हणजे काय सोपं वाटलं काय यांना? या मास्तरांना उभं करा एकदा माईकपुढं, पहिल्या जोडीलाच त-त-प-प होईल.

अब्बा कोपऱ्यात तसबीहची माळ घेऊन बसले होते. मास्तर गेले. मग म्हणाले, "न्हाई म्हंजे न्हाई." घरात आम्ही दखनी बोलतो, पण फडाचा विषय निघाला की अब्बा मराठीत येतात. तीस वर्षं त्यांनी मावळातले फड पुकारले, माईक नव्हता तेव्हा, नुसत्या छातीच्या जोरावर. हाळीवाले मीरासाहेब म्हटलं की अजून म्हातारे पैलवान उठून उभे राहतात. "पुकारनाऱ्याला बाजू नसती, शफ्या. तू बाजू घेतलीस की पडनारा म्हनंल, मी पैलवानाकडनं न्हाई पडलो, तोंडाकडनं पडलो."

आता मी कुठं घेतोय बाजू! उगीच.

शुक्रवार, २७ एप्रिल

घसा पार बसलाय. बोलवत नाही, म्हणून लिहून काढतो.

काल रजा टाकून माणला गेलो. पौर्णिमेची जत्रा, दुसऱ्या दिवशीचा फड. माणसं किती! पार टेकाडापर्यंत. शेवटची जोड माणचा मालोजी आणि हिंदुराव पाटलांचा पठ्ठा. हिंदुराव म्हणजे सरकार पक्षाचे इथले पुढारी, जत्रा कमिटीचे अध्यक्षही तेच. वर्षभर त्यांनी या पठ्ठ्याला तुपा-बदामावर पोसलेला.

पाऊण तास नुसती खडाखडी. पंच कुस्ती बरोबरीत सोडवायच्या बेतात. लोक ओरडायला लागले, निकाली करा, निकाली करा! मी माईक तोंडाशी घेतला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, घसा कोरडा ठाक. आणि म्हणालो —

"पंच मंडळी, लोकांची मागणी आहे. निकाल झालाच पाहिजे!"

एवढंच. दुसरं अक्षर नाही.

फड एकदम गप्प झाला. हलगीसुद्धा थांबली. मग टेकाडावरून कोणीतरी ओरडलं, "काय झालाच पाहिजे?" आणि पाच हजार माणसांनी उत्तर दिलं! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र — झालाच पाहिजे! टोप्या उडाल्या, पटके उडाले. हिंदुरावांच्या पठ्ठ्यानं हे काय चाललंय म्हणून मान वळवली, तेवढ्यात मालोजीनं पट काढला आणि दाखवलं अस्मान!

मालोजीला खांद्यावर घेतला. मलाही घेतला! वरून बघितलं तर हिंदुराव खुर्चीतून उठून उभे. माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांच्या मागे खाकी टोपीतला एक माणूस वहीत काहीतरी लिहीत होता.

ज्योतीराम खांबावरचे कर्णे उतरवत होता. लाउडस्पीकर त्याचा, पिंपरीच्या नव्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून जत्रा करतो. म्हणाला, "शफीभाऊ, मुद्दाम म्हनला का चुकून?"

चुकून रे बाबा! तोंडातून निघालं.

शनिवार, २८ एप्रिल

बाजारात माझं नाव "झालाच" पडलंय. न्हाव्यानं रांगेतून उठवून मला पुढं बसवलं. दोन पोरं सायकलवरून ओरडत गेली, झालाच काका, झालाच काका! खोटं कशाला लिहू, छाती फुगली. संध्याकाळी रोजा सोडताना बायकोनं, ताहेरानं, खजूर पुढं केला आणि म्हणाली, "इतकं हसू नका. लोक हसणाऱ्याचं तोंड ध्यानात ठेवतात."

सोमवार, ३० एप्रिल

मेमो. हिंदुरावांचा अर्ज थेट डेपोच्या साहेबांकडे गेलाय. "सरकारी नोकर असून कुस्तीच्या मैदानात राजकीय घोषणा दिली व त्यायोगे प्रतिपक्षाच्या पैलवानास जिंकवले." गुरुवारी हजर राहायचं.

मंगळवार, १ मे

मालोजी आला होता. मला वाटलं पेढे घेऊन आला. कसले पेढे! उंबऱ्यातच उभा राहिला, एवढा थोरला गडी, डोळ्यांत पाणी.

"भाऊ, माझी कुस्ती तुमी खाल्ली. सहा महिने मेहनत केली मी. आता गावोगाव म्हनत्यात, मालोजीनं न्हाई, घोषणेनं पाडला."

मी म्हटलं, पट तूच काढलास ना? सगळ्यांनी बघितलं.

"सगळे तुमच्याकडं बघत व्हते."

गेला. अब्बा आतून ऐकत होते.

बुधवार, २ मे

क्वार्टरसमोरच्या हॉटेलाच्या बाकावर एक अनोळखी माणूस बसून असतो. काल होता, आजही होता. चहा घेत नाही.

गुरुवार, ३ मे

साहेब मद्रासकडचा, मराठी शून्य. हेडक्लार्क मारुतराव टिळेकर मधे दुभाषी. मी सांगितलं, साहेब, फडात हे नेहमीचं बोलणं. कुस्ती रेंगाळली की पुकारणारा म्हणतो, निकाल झाला पाहिजे. लोकांनी भलता अर्थ घेतला, माझा काय दोष?

साहेबाला पटत होतं. खरंच पटत होतं! पण टिळेकर पेन्सिल कानाला लावून त्याला हिंदीत म्हणाला, "साहेब, मी पण जत्रेतला माणूस आहे. फडाची बोली एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावी. आणि मावळात जाणकार एकच. याचे वडील."

साहेब म्हणाला, "उसका बाप? वो तो बेटे के लिए बोलेगा."

टिळेकर हसला. "मीरासाहेब? साहेब, त्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या सख्ख्या भाच्याचा पाडाव भर फडात पुकारलाय. पंच गप्प असताना! ते खोटं बोलायचे नाहीत."

पुढच्या गुरुवारी अब्बांना बोलावलंय. बाहेर आल्यावर टिळेकर हळूच म्हणाला, "शफी, आमच्या गावच्या फडात 'झाली' म्हणतात रे." मला तेव्हा काही कळलं नाही. कळलं नाही असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवार, ५ मे

अब्बांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. शांतपणे विचारलं, "काय म्हनालास त्या दिवशी? जसंच्या तसं म्हन."

मी म्हटलं, निकाल झालाच पाहिजे.

"कुस्ती बाई हाय, शफ्या. आपुन म्हनतो, कुस्ती निकाली झाली पायजे. झा-ली. माझ्या वस्तादानं मला शिकवलं, मी तुला शिकवलं. अठरा वरसं तू 'झाली'च म्हनत आलास. परवा तिचा बाप्या कसा झाला?"

तोंडाला येईल ते बोललो. घसा कोरडा होता, गर्दी होती, चार अक्षरं इकडची तिकडं झाली. अब्बा ऐकत होते. मग म्हणाले, "अक्षर एकच हाय. ली का ला."

आणि नमाजला उठले.

रविवार, ६ मे

ही वही आता पिठाच्या डब्यात ठेवतो, तळाशी. म्हणून इथं तरी लिहितो.

चूक नव्हती.

माईक तोंडाशी नेला तेव्हा जिभेवर "कुस्ती निकाली" हेच होतं. अठरा वर्षांची जीभ, ती चुकत नाही. पण समोर पाच हजार तोंडं माझ्याकडे वळलेली. आणि मला मावशीचा चांदभाई आठवला. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला, याच्या मांडीत गोळी. मोर्चात नव्हता काही, गिरणीतून घरी चालला होता. पैलवान गडी, याच माणच्या मातीत मी त्याच्या चार कुस्त्या पुकारल्या. रोज्यांच्या आधी भेटलो तर काठी घेऊन संडासला जात होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "शफी, आता माझा पुकारा नाही." वर्तमानपत्रात त्याचं नाव नाही, कुठंच नाही. ते सगळं वर आलं आणि मी "कुस्ती" गिळली. "निकाल" म्हणालो. ला म्हणालो. मुद्दाम. एक अक्षर बदललं. माझी हिंमत तेवढीच! मास्तरांसारखं छातीठोक बोलायचं धाडस नाही, आणि गप्प बसवतही नाही. असलं अर्धं बोललो की उद्या अंगाशी आलं तर म्हणता यावं, मी कुस्तीचंच बोललो.

पण मालोजीचं काय? त्याचा निकाल मी खाल्ला हे खरंच. अब्बा म्हणतात पुकारणाऱ्याला बाजू नसते. आणि मास्तर म्हणतात एवढे कान असून गप्प बसणं हीच बाजू. दोघांचं पटतं आणि दोघांचा राग येतो.

टिळेकराला माहीत आहे. अब्बांना माहीत आहे. गुरुवारी दोघं समोरासमोर बसणार.

मंगळवार, ८ मे

ताहेरा आज भांडी घासताना एकदम थांबली. "मी अब्बांना काही सांगणार नाही," म्हणाली. "पण आपल्या सलिमाची नवी इयत्ता पुढच्या महिन्यात सुरू होते. शाळा इथली आहे. क्वार्टर गेली तर कुठं जायचं ते तुम्ही सांगा, म्हणजे मी बांधाबांध करते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चार शब्द ऐकवले असते.

दुपारी रस्त्यात मास्तर. "कबूल करून टाका शफीभाई! मुद्दाम बोललो म्हणा. आम्ही सत्कार करू." सत्कार! हार घालून घेईन आणि ट्रंकेवर बसेन स्टेशनाबाहेर.

अब्बा तीन दिवस जेवण-नमाज सोडून काही बोललेले नाहीत. मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठाय मला? त्यांना खोटं बोला म्हणू, तेही रोज्यात? आणि खरं बोला म्हणू?

बाकावरचा माणूस आज नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली.

गुरुवार, १० मे

झालं.

अब्बा धुतलेला सदरा घालून आले. साहेबानं खुर्ची दिली, बसले नाहीत. टिळेकरानं विचारलं, "चाचा, फडात कुस्ती रेंगाळली तर पुकारणारा काय म्हणतो? झाली पाहिजे, की झाला पाहिजे?"

अब्बा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. किती वेळ! मला कळलं की ते खरं बोलणार, आणि मला ते बरोबरही वाटलं. खरंच वाटलं.

"निकाल झालाच पायजे," अब्बा म्हणाले. "तीस वरसं मी ह्येच म्हनत आलो. पोरगं माझंच ऐकून शिकलं."

टिळेकरानं पेन्सिल खाली ठेवली. "चाचा, नक्की?"

"रोज्यात हाय मी."

टिळेकरानं मान खाली घातली आणि लिहिलं. अब्बांनी अंगठा दिला. मला ताकीद देऊन सोडलं. यापुढं कुठल्याही फडात पुकारा करणार नाही, असं मीही लिहून दिलं. नोकरी राहिली. क्वार्टर राहिली.

बाहेर आल्यावर मी अब्बांचा हात धरायला गेलो. त्यांनी काढून घेतला.

शुक्रवार, ११ मे

"माझा एक रोजा तू खाल्लास, शफ्या. अठ्ठाविसावा."

एवढंच म्हणाले. मग स्वतःशीच — "जे झालं ते सांगायचं, एवढंच काम या तोंडानं केलं. काल न झालेलं सांगितलं."

मी त्यांच्या पायांशी बसलो आणि रडलो. छत्तीस वर्षांचा घोडा! त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही आणि मला दूरही ढकललं नाही.

शनिवार, १२ मे

ईद. सलिमानं नवा फ्रॉक घातला. ताहेरानं शीरकुर्मा केला, गोड जास्त झाला, तरी सगळ्यांनी संपवला.

ज्योतीराम भेटायला आला. उद्या चाकणला आखितीचा फड. लाउडस्पीकरला बंदी, माणला झालं तसं नको म्हणून. पुकारायलाही कोणी तयार नाही. दोन गाड्या पोलीस येणार आहेत. "घोषणा दिली की उचलायचा, असा हुकूम हाय म्हनं," ज्योतीराम म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं मी त्यात नाही. अब्बा ऐकत होते.

तो गेल्यावर अब्बांनी विचारलं, "ते लोक 'झालाच' म्हनताना जोर कशावर देत्यात रं? ला वर, का च वर?"

टोमणा असणार. मी उठून बाहेर गेलो.

रविवार, १३ मे

सकाळच्या मोटारीनं अब्बा चाकणला गेले. बहिणीला, मदिनाफूफूला, ईदचं भेटून येतो म्हणाले. ट्रंकेतून फडातला जुना फेटा काढून बांधून घेतला ताहेराकडून. फूफूला भेटायला फेटा कशाला, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळची शेवटची मोटार आली. अब्बा आले नाहीत.

सोमवार, १४ मे

ज्योतीराम सकाळी सायकल हाणत आला. उंबऱ्यात बसून पाणी प्यायला, मग बोलला.

शेवटची जोड रेंगाळली. पंच सोडवायला निघाले. फडात माईक नाही, पुकारा नाही, कोणाची छाती नाही. तेव्हा अब्बा आखाड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, कानामागं हात लावला आणि तीन वेळा हाळी दिली. नुसत्या आवाजानं! पार वेशीपर्यंत ऐकू गेली म्हणे. पाठोपाठ सगळा फड उठला.

फौजदारानं दंडाला धरलं. म्हणाला, म्हातारबा, हे काय? अब्बा म्हणाले, "साहेबाच्या कागदावर अंगठा दिलाय, मी फडात ह्येच म्हनतो म्हनून. आज न्हाई म्हनलो तर कागद खोटा पडंल." गाडीत घालून पुण्याकडे नेलं. कुठं ठेवलंय, कोणाला माहीत नाही.

मी ज्योतीरामला विचारलं, ली म्हणाले की ला?

"ला," ज्योतीराम म्हणाला. "तिन्ही वेळा."